भार कुठं पडतो : शिल्पकार नानासाहेब करमरकर

(मुरबाड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या आठवणीसाठी आपण इथं जमतो ते गुरुजी चित्रकला शिकवायचे. आम्हाला उभा माणूस काढायला सांगितलं की आम्ही सगळे डोक्यापासून सुरू करायचो. डोकं मोठं व्हायचं, मग सदरा, मग हात, आणि गुडघ्यापर्यंत येईतो कागद संपायचा. वर्गातला एकही माणूस पायांवर उभा नसायचा. गुरुजी रागावत नसत. कागद हातात घेऊन विचारायचे, "हा उभा कशावर आहे?" मग पेन्सिलीनं कागदाच्या तळाशी एक आडवी रेघ मारायचे, तिच्यावर दोन पावलं काढायचे आणि म्हणायचे, "आता ह्याच्यावरून वर चढ." मी पुढं आयुष्यभर शिल्पं बघत हिंडलो ती याच एका वाक्याच्या जोरावर. म्हणून आजचं व्याख्यान एका शिल्पकारावर आहे, आणि तेही आपल्याच कोकणातल्या. अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर. लोक त्यांना नानासाहेब म्हणत.

पण सासवण्याला जायच्या आधी मला तुम्हाला आपल्या घाटात न्यायचं आहे.

माळशेजच्या रस्त्यानं वैशाखऱ्याच्या पुढं गेलं की नाणेघाटाची वाट फुटते. तुमच्यातले निम्मे लोक ती चढून आलेले असतील. दगडी पायऱ्या संपता संपता उजव्या-डाव्या हाताला कातळात कोरलेली पाण्याची टाकी लागतात, आणि वर तोंडाशी एक मोठं चौकोनी लेणं आहे. भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, त्यासाठी अभ्यासक येतात. आपली पोरं लेण्यात बसून डबे खातात, वर जाऊन जकातीचा रांजण बघतात आणि उतरतात. मागच्या भिंतीकडं फार कुणी निरखून पाहत नाही. त्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. कातळातच उठवलेल्या, ओळीनं उभ्या. प्रत्येकीच्या वर नाव कोरलेलं : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे. खऱ्या, जगून गेलेल्या माणसांच्या प्रतिमा नावानिशी ओळीनं मांडल्याचं एवढं जुनं उदाहरण आपल्याकडं मला दुसरं माहीत नाही.

आज त्या प्रतिमा नाहीत. चेहरे नाहीत, मुकुट नाहीत, हात नाहीत. वर नावं उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा.

मी पहिल्यांदा तिथं खाली बसून हात लावून पाहिलं तेव्हा मला गुरुजींची आडवी रेघ आठवली. ज्यानं ती पावलं कोरली त्याचं नाव मात्र त्या भिंतीवर कुठंच नाही. लेखात दान दिलेल्या गाईंची संख्या आहे, हत्ती-घोड्यांची आहे, कार्षापणांची आहे. छिन्नी धरणाऱ्याबद्दल एक अक्षर नाही. ही रीत आपल्याकडं तेव्हापासून आहे आणि आजही मोडलेली नाही. आपल्या गावातल्या कुठल्याही पुतळ्याचा चौथरा वाचून बघा. अनावरण कुणाच्या हस्ते झालं, प्रमुख उपस्थिती कुणाची, निधी कुठल्या योजनेतून आला, सगळं काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत असतं. पुतळा कुणी केला ते नसतं. मला हे फार लागतं, आणि आज तुमच्यापुढं ते बोलून दाखवायचंच असं ठरवून मी आलो आहे.

आता करमरकर. २ ऑक्टोबर १८९१ ला सासवण्यात त्यांचा जन्म झाला. मांडव्याहून अलिबागकडं जाताना आवासच्या अलीकडं हे गाव लागतं. समुद्र हाकेच्या अंतरावर, नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं. घरात गणपती करायची रीत होती. आपल्याकडच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको, श्रावणात गणपतीच्या कारखान्याच्या दारात उभं राहून सोंडेला वळण कसं देतात ते बघत बसलेली मुलं इथं पुष्कळ असतील. विनायकही तसाच. फरक एवढाच की तो बघून थांबला नाही. कोळसा मिळेल तिथं भिंत रंगवायचा. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यानं घोड्यावर बसलेले शिवाजीमहाराज काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर आले असताना त्यांच्या नजरेस ते चित्र पडलं. हे कुणी काढलं, अशी चौकशी झाली, आणि त्या मुलाला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडण्याची व्यवस्था त्यांनी केली.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण साहेबाच्या गुणग्राहकतेवर थांबतात. गुणग्राहकता होतीच, मी ती नाकारत नाही. पण माझं लक्ष त्या भिंतीकडं जातं. देवळाची भिंत काळी केली म्हणून त्या पोराला कुणी बडवलं असतं, किंवा चुना फासून चित्र पुसलं असतं, तर साहेबाला दिसायला काय उरलं असतं? गावानं ते चित्र राहू दिलं, हे आधी घडलं. मग कलेक्टर आला.

जे. जे.मधून बाहेर पडल्यावर मुंबईत त्यांची गाठ सुरेंद्रनाथ टागोरांशी पडली. रवींद्रनाथांचे हे पुतणे. त्यांच्या आग्रहावरून १९१६ मध्ये करमरकर कलकत्त्याला गेले आणि तिथं त्यांनी स्टुडिओ थाटला. सासवण्याच्या मुलानं पंचविशीत कलकत्त्यात आपलं दुकान मांडावं, तेही मातीचं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. व्यक्तिशिल्पांची कामं मिळू लागली. १९२० ला ते लंडनच्या रॉयल अकादमीत शिकायला गेले, युरोप पाहिला, परत आले, पुन्हा कलकत्ता, आणि मग मुंबई. हे सगळं मी भराभर सांगतो आहे, कारण मला घाई आहे ती घोड्याजवळ पोचायची.

पुण्यात शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा व्हावा ही इच्छा कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी, ६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी काम हाती घेतलं, तर १९२५ मध्ये तेही गेले. पाया भरून ठेवलेला, वर काही नाही, आणि वर्षं चाललेली. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या काळात ते काम पुरं करायची जबाबदारी करमरकरांनी उचलली. १६ जून १९२८ ला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झालं. आज तो पुतळा शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे. शाळा नंतर आली, पुतळा आधीचा आहे.

साडेतेरा फूट उंच, जवळपास आठ टन वजन. आता हे आकडे सोडून द्या आणि जरा विचार करा. घोडा हा प्राणी शिल्पकाराची परीक्षाच घेतो. वर हे एवढं पोट, छाती, मान, त्यावर खोगीर, त्यावर माणूस, आणि हा सगळा डोलारा खाली मनगटाएवढ्या बारीक होत गेलेल्या नळ्यांवर. मातीत करायला घ्याल तर माती एक दिवसही स्वतःचं वजन पेलायची नाही. म्हणून आधी आत लोखंडाचा सांगाडा उभा करतात. सळया, तारा, लाकडाचे तुकडे बांधून. त्यावर ओली माती चढवायची. माती वाळली की तडकते, फार ओली झाली की ओघळते. म्हणून रोज काम थांबवताना पूर्ण आकृती ओल्या फडक्यांनी झाकायची आणि सकाळी उघडायची. मोठ्या पुतळ्याला हे महिनोन्‌महिने चालतं. झोपलेल्या लेकरावरचं पांघरूण सारखं करावं तसं. मातीचं काम मनासारखं झालं की त्यावरून प्लास्टरचा साचा, आणि मग पुढचा प्रवास भट्टीकडं.

मोठा पुतळा सहसा तुकड्यांत ओततात आणि मग जोडतात. करमरकरांचा हा पुतळा मुंबईत माझगावला एकसंध ओतला गेला. आपल्यात कुणी ओतारकाम जवळून पाहिलं असेल तर त्याला कळेल मी काय सांगतोय ते. तांबं आणि कथील वितळून लालभडक रस तयार होतो, तो साच्यात उतरतो. साच्यात कुठं ओल राहिली असेल तर तिची वाफ होते आणि रस उसळतो. कुठं हवा कोंडली तर तिथं पोकळ भोक. रस मध्येच गार झाला तर पुढच्या भागापर्यंत पोचतच नाही, आणि घोड्याच्या पायाच्या जागी नुसती हवा. तुकड्यांत काम असेल तर बिघडलेला तुकडा पुन्हा ओतता येतो. एकसंध ओतायचं म्हणजे सगळं एका दमात. त्या दिवशी भट्टीजवळ उभं राहून तो रस उतरताना बघणाऱ्या छत्तीस वर्षांच्या करमरकरांच्या पोटात काय झालं असेल, याची मला अजून कल्पना करवत नाही.

रस नीट उतरला. पुतळा झाला, आणि रेल्वेनं पुण्याला गेला. कल्याणला रूळ दोन दिशांना फुटतात हे तुम्हाला ठाऊक आहे. एक फाटा आपल्याकडं, आसनगाव-कसाऱ्याला, दुसरा कर्जत-पुण्याला. महाराज त्या दुसऱ्या फाट्यानं बोर घाट चढून गेले. देवळाच्या भिंतीवर कोळशानं काढलेला घोडा वीसेक वर्षांनी ब्राँझचा होऊन घाट चढला.

त्या पुतळ्याला २०२८ मध्ये शंभर वर्षं होतील. मी त्याच्यासमोर कितीतरी वेळा उभा राहिलो आहे, आणि दर वेळी आधी खाली बघतो. खूर कुठं टेकले आहेत, वजन कुठल्या पायावर आहे, ते बघत वर जातो. खोगिरापर्यंत पोचतो तेव्हा माझी खात्री पटलेली असते की हा माणूस घोड्यावर खरोखर बसलेला आहे, वर ठेवलेला नाही. महाराजांचं छायाचित्र असणं शक्यच नव्हतं. चेहरा शिल्पकारानं जुन्या चित्रांवरून आणि आपल्या श्रद्धेतून घडवायचा. त्यावर वाद होऊ शकतो. बैठकीवर वाद होऊ शकत नाही. वजन खोटं बोलत नाही.

इथं मला एक दुखरी आठवण काढावी लागेल. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा कोसळला. उभा राहून वर्षही झालं नव्हतं. कुणाची चूक किती, हे सांगायला मी इथं उभा नाही, ते ज्यांचं काम आहे ते करतील. मी त्या दिवशी बातमी बघून जेवलो नाही, एवढंच सांगतो. आणि रात्री माझ्या मनात सारखा एकच विचार आला, पायाभरणी होऊनही सहा-सात वर्षं रिकामा राहिलेला पुण्याचा तो चौथरा. त्या लोकांनाही घाई असेलच. दोन राजे वाट पाहत गेले.

आता मी तुम्हाला सासवण्याला नेतो. करमरकरांनी पुढं आपली शिल्पं गावच्या घरी आणली, तिथंच शेवटपर्यंत काम केलं. १३ जून १९६७ ला ते गेले. घराचं संग्रहालय झालं आहे, दीडशेच्या आसपास शिल्पं आहेत, आणि घरच्यांनी ती जिवापाड जपली आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस नुकता उघडला होता. अंगणात एक म्हैस बसलेली. माझ्याबरोबर टोकावड्याकडचा एक विद्यार्थी होता, घरी चार म्हशी असलेला. तो तिला वळसा घालून गेला, शेपटीचा फटका बसू नये म्हणून. चार पावलं पुढं जाऊन थांबला, मागं वळला आणि परत येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. सिमेंट होतं.

मग तो पोरगा अर्धा तास तिथून हलला नाही. मला म्हणाला, "सर, ही रवंथ करतेय." मी म्हटलं कशावरून? तर म्हणाला, "पोट बघा ना कसं एका बाजूला पडलंय." मी त्याच्या आधी कितीतरी लेख वाचले होते, करमरकरांच्या वास्तववादाबद्दल, त्यांच्या शैलीबद्दल. म्हशीचं पोट कुठल्या बाजूला पडतं हे त्यांतल्या कुणी लिहिलं नव्हतं. ते ओळखायला चार म्हशी असलेलं घर लागतं.

करमरकरांनी श्रीमंतांची, पुढाऱ्यांची व्यक्तिशिल्पं भरपूर केली, ते त्यांच्या पोटापाण्याचं काम होतं आणि त्यातही त्यांनी कसूर ठेवली नाही. पण मन रमलं ते घराभोवतीच्या माणसांत. कोळ्याची मुलगी, लेकराला घेतलेली आई, दारातले प्राणी. शंख फुंकणारा माणूस, 'शंखध्वनी' म्हणून जे शिल्प ओळखलं जातं ते. शंख फुंकताना जोर कुठं लागतो ते बघायचं असेल तर तोंड बघू नका, पोट आणि छाती बघा. आणि सामान कुठलं? पुष्कळ कामं सिमेंट-काँक्रीटमध्ये. संगमरवराला पैसे लागतात, ब्राँझला त्याहून जास्त. सिमेंट गावात मिळतं. त्या काळी सिमेंट म्हणजे पूल आणि गिलावा. करमरकरांनी त्यातून म्हशीची कातडी काढली. माझ्यापुढं बसलेल्या आदिवासी आश्रमशाळेच्या शिक्षकांना मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण सामान नाही, बजेट नाही, असं आपण फार वेळा म्हणतो. मीही म्हटलं आहे.

भार बघायचा तर आपल्या तालुक्यांत त्याची शाळा रोज भरते. शहापूर तालुक्यात तानसा, वैतरणा, भातसा, एवढी धरणं. सगळी मुंबई त्यांचं पाणी पिते. आणि धरणाच्या वरच्या अंगाच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये आपल्या आयाबहिणी डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन टेकाड चढतात. उतारावर त्यांचं पाऊल बघा. आधी टाच नाही टेकत, पाऊल जरा आडवं पडतं, बोटं माती पकडतात, गुडघा किंचित दुमडतो, आणि कमरेच्या वर काहीही हलत नाही. मान तर नाहीच. हे सौंदर्य आहे म्हणून मी सांगत नाही, ते सांगायची मला लाज वाटेल. तो जाच आहे आणि तो संपला पाहिजे. पण तो संपेल त्या दिवसानंतरही कुणीतरी हे पाऊल नीट पाहून ठेवलं होतं, असं व्हायला हवं. करमरकर इथं जन्मले असते तर त्यांनी ते पाहिलं असतं याबद्दल मला शंका नाही.

आता थोडं लांब जाऊ या, जर्मनीत. तिथला एक शिल्पकार, अर्न्स्ट बार्लाख. करमरकरांपेक्षा एकवीस वर्षांनी मोठा. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला तोही देशाभिमानानं भारलेला होता. सैन्यात गेला, आणि युद्धाचा तिटकारा घेऊन परतला. उत्तर जर्मनीतल्या ग्युस्ट्रो नावाच्या लहानशा गावी राहायचा. लहान म्हणजे, ज्याला राजधानीतले लोक आडगाव म्हणतील असं. १९२७ मध्ये त्यानं तिथल्या चर्चसाठी युद्धात गेलेल्यांचं स्मारक केलं. त्यात बंदूक नाही, झेंडा नाही, पडलेला वीर नाही. एक देवदूत, ब्राँझचा, आडवा, हवेत टांगलेला. हात छातीवर घेतलेले, डोळे मिटलेले. चेहऱ्यात केटे कोलविट्झ या शिल्पकर्तीचा चेहरा उतरला आहे. तिचा धाकटा मुलगा युद्धाच्या पहिल्याच वर्षी मारला गेला होता.

मी आतापर्यंत तुम्हाला पाय बघा, भार बघा, म्हणत आलो. आणि हे शिल्प तर जमिनीला टेकतच नाही. मग भार कुठं पडतो? त्याच्याखाली उभ्या राहिलेल्या माणसावर. मी फक्त छायाचित्रात पाहिलं आहे, तरी मानेवर जाणवतो.

हिटलरच्या राजवटीला हे स्मारक चाललं नाही. त्यांना रडणारं नको होतं, लढणारं हवं होतं. बार्लाखची शेकडो कामं संग्रहालयांतून काढली गेली. १९३७ मध्ये देवदूतही उतरवला, आणि पुढं युद्धाच्या सामानासाठी वितळवला. बार्लाख मनानं खचला आणि १९३८ मध्ये वारला. पण त्याच्या मित्रांनी जिवावर उदार होऊन साच्यावरून दुसरी प्रत ओतून घेतली आणि एका खेड्यात लपवून ठेवली. युद्ध संपल्यावर ती कोलोनच्या चर्चमध्ये टांगली गेली, आणि तिच्यावरून आणखी एक प्रत होऊन १९५३ मध्ये ग्युस्ट्रोला आपल्या जुन्या जागी परतली. ज्या भट्टीतून शिल्प निघतं त्याच भट्टीत ते परत घालता येतं. वाचतं ते कुणीतरी साचा सांभाळून ठेवला म्हणून, आणि कुठल्या तरी खेड्यानं तोंड मिटून ठेवलं म्हणून.

बार्लाखचा जन्म २ जानेवारीचा. २ जानेवारी ही तारीख मुरबाड तालुक्याला सांगावी लागत नाही. १९४३ मध्ये याच दिवशी सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. विजेचे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणणारा आझाद दस्ता आणि त्याचा तो तरुण वकील नायक, तिशी-एकतिशीचा. दरवर्षी पहाटे अंधारात हजारो पावलं सिद्धगडाकडं चालत जातात. मीही गेलो आहे. थंडीत कुडकुडत, टॉर्चच्या उजेडात, पुढच्याच्या टाचांवर नजर ठेवून. मला विचाराल तर हुतात्म्यांचं या तालुक्यातलं सगळ्यात जिवंत स्मारक ती चाल आहे. आणि गावोगावी त्यांचे पुतळे करायला घ्याल, जरूर घ्या, तेव्हा तयार साच्यातलं धड घेऊन वर चेहरा चिकटवू नका, एवढं हात जोडून सांगतो. शिल्पकाराला सिद्धगडावर चालवून आणा. दगड-धोंड्यांतून पळणाऱ्या, उपाशी, दिवसेंदिवस जंगलात काढलेल्या माणसाचं पाऊल कसं पडत असेल ते त्याला पायानं कळू द्या. त्याला वेळ द्या. निवडणुकीच्या आधी, जयंतीच्या आत, असं घड्याळ त्याच्या उरावर ठेवू नका. आणि चौथऱ्यावर त्याचं नाव घाला. दोन शब्दांना दगड कमी पडत नाही.

आणि शिल्पकार लांबून आणायचा असं कुठं आहे? आपल्या शेजारच्या कल्याणचे सदाशिव साठे, भाऊ साठे. १९२६ चा जन्म, २०२१ मध्ये गेले. तिशी गाठायच्या आत त्यांनी दिल्लीच्या चांदणी चौकातला गांधीजींचा पुतळा केला. मुंबईला गेट वे ऑफ इंडियासमोरचा शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा, २६ जानेवारी १९६१ ला अनावरण झालेला, तो त्यांचा. त्यासमोर उभं राहून आपल्यातल्या प्रत्येकानं फोटो काढलेला आहे. डोंबिवलीला त्यांनी शिल्पालय उभारलं. इथून दोन तासांच्या आत पोचता येतं. हात वर करा, कितीजणांनी ते बघितलंय? ... पाच. पाच म्हणजे मला वाटलं त्यापेक्षा जास्त आहेत, पण मुरबाडहून रोज कल्याण गाठणारे या सभागृहात पन्नास तरी असतील.

माझा एक सल आहे, तो सांगतो आणि थांबतो. मी शिक्षक झालो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी सातवीतला एक मुलगा पोळ्याला मातीचे बैल करून आणायचा. कातकरी वाडीवरचा. बैल असे की ओझं ओढताना मान कशी खाली जाते आणि मागचा पाय कसा रुततो, ते बोटभर मातीत दिसायचं. मी "छान" म्हणायचो आणि खिडकीत ठेवायचो. दिवाळीनंतर त्याचे आईबाप वीटभट्टीवर गेले, बरोबर तो गेला, आणि परत शाळेत आला नाही. बैल खिडकीत उन्हानं तडकले. मी ना भट्टीवर गेलो, ना कुणाला पत्र लिहिलं. मला रॉथफील्ड व्हायची संधी आली होती आणि मी "छान" म्हणून मोकळा झालो होतो. आता तो पन्नाशीचा असेल. ज्या हातांनी बैल केले त्या हातांनी त्यानं किती लाख विटा थापल्या असतील, हा हिशेब मी कधी पुरा करू शकलो नाही.

त्या मुलाचं ऋण म्हणून, आणि गुरुजींचं, मी आयोजकांकडं दोन गोष्टी मागितल्या आणि त्यांनी दोन्ही मान्य केल्या. पहिली, जानेवारीत शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या शाळांमधली मिळून चाळीस मुलं एक दिवस सासवण्याला न्यायची. एस. टी.चं मी बोलतो. ज्यांच्या घरी गुरंढोरं आहेत अशा मुलांना आधी घ्यायचं, म्हशीजवळ त्यांना मास्तर लागणार नाही. आणि दुसरी आजचीच. पलीकडच्या खोलीत चार घमेली शाडू भिजवून ठेवला आहे, पाट आहेत, पाणी आहे. मुलांनी आता उठून तिकडं जावं, मोठ्यांनी मध्ये उभं राहू नये. काय करायचं ते कुणी सांगणार नाही. फक्त निघताना फडकी पुन्हा ओली करून मातीवर नीट पांघरून ठेवा, उद्या ज्यांना परत यायचंय त्यांना ती हाताखाली मऊ लागली पाहिजे.